जुन्या इंग्लिश पाइप ऑर्गनला पेडल (पायाने वाजवायच्या पट्ट्या) नव्हतं, म्हणजे तो अपुरा होता का? अठराव्या शतकातला इंग्लिश संगीतकार स्टॅनली, त्याच्या रचना कुठून सुरू करू?

अपुरा अजिबात नव्हता. तुमचे सर स्टॅनलीच्या व्हॉलंटरीतला (चर्चमध्ये एकट्या ऑर्गनवर वाजवायची रचना) खर्ज पायाने वाजवायला लावतात असं तुम्ही लिहिलंय, ते वाचून राहवलं नाही, कारण माझी दोन वर्षं त्यातच गेली.

इंग्लंडला आल्यावर मी ज्यांच्याकडे शिकलो त्यांच्यासाठी जॉन स्टॅनली म्हणजे बाखकडे वळण्याआधी हात साफ करायचा सराव. त्यांच्या पुस्तकात सुरावट लिहिलेल्या तीन ओळी, तिसरी पायांची, आणि ती स्टॅनलीची नव्हतीच, नंतरच्या संपादकाने घुसडलेली. मूळ संच तीन, १७४८, १७५२ आणि १७५४ चे, प्रत्येकात दहा रचना, सगळ्या दोन हातांच्या. मी विचारलं तर म्हणाले, बिचाऱ्यांकडे पेडल नव्हतं, असतं तर वापरलं असतं.

मग एकदा एका खेड्यातल्या चर्चमध्ये अठराव्या शतकातला छोटा ऑर्गन वाजणार होता आणि भाता मारायला माणूस हवा होता, मी गेलो. बाजूला लाकडी दांडा, आणि दोरीला शिशाचा गोळा टांगलेला, भाता भरला की तो खाली येतो, हवा संपत आली की वर चढतो, तेवढ्यावर नजर ठेवायची. वाजवणाऱ्या बाईंनी ओपस ६, म्हणजे १७५२ च्या संचातली पाचवी, डी मेजरची, सुरू केली. सुरुवातीचा संथ भाग नुसत्या डायपेसनवर (ऑर्गनच्या मूळ आवाजाच्या नळ्या), आणि खालचा सूर असा भरदार आला की मी दांडा मारता मारता डोकावून बघितलं, पाय कुठे आहेत. पाय स्वस्थ होते! त्या ऑर्गनचा कीबोर्ड आजच्यासारखा खालच्या सी वर थांबत नाही, आणखी खाली जी पर्यंत जातो. खर्ज डाव्या हातातच होता. दोन वर्षं मी तो पायाने जड करून वाजवत होतो.

आणि हे लोक मागासलेले म्हणायचे? १६४४ मध्ये पार्लमेंटने चर्चमधले ऑर्गन काढून टाकायचा हुकूम काढला, तरी १६८८ पर्यंत स्मिथ या ऑर्गन बनवणाऱ्याने लंडनच्या टेंपल चर्चसाठी असा ऑर्गन केला की जी शार्प आणि ए फ्लॅटला, ज्यांना आज एकच पट्टी असते, वेगळ्या पट्ट्या. श्रुतीचा फरक कळणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. पुढे तिथेच आंधळा स्टॅनली वाजवायचा आणि संगीतकार हँडेल ऐकायला यायचा. आवाज हळूहळू मोठा करणारी स्वेलची पेटीही जॉर्डन या कारागिराने १७१२ ला लंडनमध्येच केली. माझे वडील संगीत नाटकाला पायपेटी वाजवायचे, तिथे पाय नुसता भाता मारतात, सूर सगळे हातांचे, तिला कोणी अपुरी म्हटलं नाही.

आता हेही खरं की मोजक्या ठिकाणी पेडल होतं, हँडेलच्या ओपस ७ मधल्या पहिल्या कॉन्चेर्टोत (ऑर्गन आणि वाद्यवृंदाची रचना) पायांचा भाग लिहिलेला आहे. बाखच्या मोठ्या रचना किंवा एल्गारचा १८९५ चा सोनाटा पेडलशिवाय होणार नाही. ते शिकायचं असेल तर सरांचं ऐकाच. पण स्टॅनलीसाठी नाही, आणि दोन ओळींची प्रत मिळवून त्यांना दाखवा, तिसरी ओळ कोणी लिहिली ते विचारा.

सुरुवात त्याच डी मेजरच्या संथ भागाने करा. ओपन आणि स्टॉप्ड डायपेसन या दोनच खुंट्या ओढा, बाकी सगळं बंद. पाय बाकाच्या दांडीवर.