आराखडा हद्दीपासून सुरू कर

प्रिय तरुण सहकाऱ्यास,

सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेला प्रादेशिक आराखड्याचा मसुदा आणि नकाशा, दोन्ही नीट पाहिले. मेहनत दिसते. एकूण किती किलोमीटर पदपथ आणि सायकल मार्ग होणार, हे पहिल्याच पानावर ठळक आलं आहे. पण नकाशात माझी नजर आधी गेली ती तुटलेल्या रेषांवर. एका शहराचा सायकल मार्ग हद्दीपर्यंत येतो आणि संपतो. शेजारच्या गावाचा मार्ग तिथून अर्धा किलोमीटर पुढे सुरू होतो. मधल्या पट्ट्यात नदीवरचा पूल आहे, महामार्गाचा चौक आहे, आणि तो पट्टा कुणाच्याच यादीत नाही. माझं सांगणं एवढंच की आराखडा तिथून सुरू कर.

चालणाऱ्याचा आणि सायकलवाल्याचा प्रवास सलग असतो. जबाबदारी मात्र वाटलेली असते. गावातला रस्ता एकाकडे, चौक दुसऱ्या खात्याकडे, पूल तिसऱ्याकडे, सिग्नल आणखी कुणाकडे. प्रत्येकाने आपलं काम नियमाप्रमाणे केलं तरी मधली जागा उघडी राहते, आणि नेमका तिथेच गाड्यांचा वेग जास्त असतो, वळणं रुंद असतात, दिवे कमी असतात. दोन्ही बाजूंना उत्तम मार्ग असूनही आईबाप मुलाला सायकलवरून शाळेत पाठवत नाहीत, ते या एका चौकापायी.

अपघातांच्या नोंदी तू जोडल्या आहेस, ते चांगलंच केलंस. जगात दरवर्षी रस्ते अपघातांत सुमारे १२ लाख माणसांचा जीव जातो, आणि त्यांतली साधारण चौथा हिस्सा माणसं पायी किंवा सायकलवर असलेली असतात. पण नकाशावर अपघाताचा ठिपका नाही म्हणून जागा सुरक्षित, असा निष्कर्ष कधी काढू नकोस. कित्येक चौकांत अपघात होत नाहीत, कारण तिथून पायी जाण्याची कुणाची हिंमतच होत नाही. म्हातारी माणसं लांबचा वळसा घेतात, नाहीतर घरीच बसतात. पोलिसांच्या नोंदीत हे येत नाही. सायकल खड्ड्यात जाऊन कुणी एकटाच पडला, तर तेही बहुतेक वेळा येत नाही. म्हणून रुग्णालयांची आकडेवारी माग, आणि शाळांत जाऊन मुलांकडून त्यांचा रोजचा रस्ता कागदावर काढून घे. कुठे भीती वाटते ते मुलं अचूक दाखवतात.

आता त्या चौकात प्रत्यक्ष उभा राहून बघ. समजा रस्ता १४ मीटर रुंद आहे आणि मध्ये थांबायला जागा नाही. पादचाऱ्यांचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरून सिग्नलचा हिशेब बऱ्याचदा केला जातो, म्हणजे ओलांडायला १२ सेकंद. काठी टेकत चालणाऱ्या माणसाचा वेग ०.८ मीटरच्या आसपास असतो. त्याला साडेसतरा सेकंद लागतात. शेवटचे साडेपाच सेकंद तो सुटलेल्या गाड्यांसमोर असतो. दुभाजकात दोन मीटरचा सुरक्षित थांबा दिला, तर तोच रस्ता दोन टप्प्यांत ओलांडता येतो. वळणाची त्रिज्या कमी केली की गाडी वळताना आपोआप हळू होते. ही कामं किरकोळ वाटतात म्हणून आराखड्याच्या मुख्य भागात येत नाहीत. ती मुख्य भागातच यायला हवीत.

पादचारी पूल सुचवायचा मोह होईल. बहुतेक ठिकाणी तो टाळ. जिने चढून जाण्याऐवजी लोक दुभाजक ओलांडतात आणि मग दोष त्यांच्याच माथी मारला जातो. महामार्ग खरोखरच ओलांडण्याजोगा नसेल, तर रस्ता उचल आणि माणसाला जमिनीवरून जाऊ दे.

वेगाबद्दल अजिबात तडजोड करू नकोस. ताशी ३० किलोमीटरने येणाऱ्या गाडीला, चालकाचं लक्ष असेल आणि रस्ता कोरडा असेल तर, थांबायला साधारण १३ मीटर लागतात. ताशी ५० ने येणारी गाडी तेवढं अंतर चालकाचा पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंतच कापते. म्हणजे एकीकडे गाडी उभी राहिलेली असते आणि दुसरीकडे ती जवळपास पूर्ण वेगाने आदळते. फलक लावून हा फरक पडत नाही, रस्त्याची रचना बदलावी लागते. नेदरलँड्सनी १९९० च्या दशकात सगळ्या रस्त्यांची कामानुसार वर्गवारी केली: लांबच्या वाहतुकीचे, जोडणारे आणि वस्तीतले. वस्तीतल्या रस्त्यांना शहरात ३० ची मर्यादा आणि ती पाळली जाईल अशी बांधणी. जिथे वेग त्याहून जास्त ठेवायचा, तिथे सायकलला वेगळा मार्ग. तुझ्या मसुद्यात प्रत्येक रस्त्याला रुंदी आहे, पण त्याचं काम काय ते लिहिलेलं नाही. आधी ते ठरव; रुंदीचा प्रश्न त्यामागोमाग सुटत जाईल.

सलगपणाचं मोल स्पेनमधल्या सेव्हिल शहरात दिसलं. तिथे २००६ नंतर थोड्याच काळात सुमारे ८० किलोमीटरचं, गाड्यांपासून वेगळं आणि एकमेकांना जोडलेलं जाळं उभं राहिलं, आणि सायकलवर कधी न बसणारी माणसं बाहेर पडली. पण ते एका शहराच्या हातातलं काम होतं. तुझं काम डेन्मार्कची राजधानी कोपनहेगनच्या परिसरासारखं आहे. तिथे अनेक पालिकांनी एकत्र येऊन हद्दी ओलांडणारे लांब सायकल मार्ग आखले, समन्वयासाठी सामाईक कार्यालय ठेवलं, आणि पहिला मार्ग २०१२ मध्ये सुरू झाला. याउलट जर्मनीत रूर भागातल्या सुमारे १०० किलोमीटरच्या मार्गाचा पहिला टप्पा २०१५ मध्ये खुला झाला, पण तो अजून सलग झालेला नाही. कल्पना तिथेही चांगलीच होती. पण जमीन, मंजुऱ्या आणि जबाबदारी यांचा गुंता सुटायला वर्षं जातात, म्हणून तो पहिल्या दिवशीच हातात घ्यावा लागतो.

एक गोष्ट मसुद्यात अजिबात नाही, आणि प्रादेशिक पातळीवर तीच सर्वांत मोठी आहे. नवी शाळा, नवं रुग्णालय, नवी कार्यालयं कुठे होणार? स्वस्त जागा मिळाली म्हणून ती बाह्यवळण रस्त्यापलीकडे गेली, तर नंतर कितीही पदपथ बांधले तरी चालणं परत येत नाही. हाऊटेन या डच गावाची आखणीच अशी आहे की गाड्या गावाभोवतीच्या वर्तुळाकार रस्त्यावरून फिरतात आणि सायकली मधून सरळ जातात. जुन्या वस्त्यांत असं सगळं करता येणार नाही, पण जागा निवडण्याचा निकष बदलता येतो.

स्टेशनांभोवती जास्त रेंगाळ. १५ मिनिटांत माणूस साधारण सव्वा किलोमीटर चालतो, सायकलने त्याच्या तिप्पट जातो. अंतर तिप्पट म्हणजे स्टेशनच्या आवाक्यात येणारा परिसर नऊपट. एवढा फायदा दुसऱ्या कुठल्याही खर्चातून मिळत नाही. अट एवढीच की वाट सुरक्षित हवी आणि सायकल ठेवायला जागा हवी. नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट शहराच्या स्टेशनखाली १२,५०० सायकलींची सोय उगाच केलेली नाही.

सुधारित मसुद्यात किलोमीटरची बेरीज मागच्या पानावर टाक. पुढे एक तक्ता दे: प्रदेशातली प्रत्येक हद्द, तिथला चौक किंवा पूल, त्याची मालकी कुणाकडे, काम कोण करणार, पैसे कुठून येणार, आणि झाडलोट, दिवे, पाणी साचलं तर निचरा हे सगळं पुढची वर्षं कोण पाहणार. प्रत्येक ओळीपुढे दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांच्या सह्या घे. सही मिळत नसेल त्या ओळी वेगळ्या काढून मला पाठव. त्या घेऊन आपण दोघं वरिष्ठांकडे जाऊ.

शुभेच्छांसह,
तुझ्या कामाची वाट पाहणारा