यादी बाजूला ठेवा, आधी हात कुठे जातो ते बघा

वडिलांच्या डाव्या अंगावरून वारं गेलंय, काठी घेऊन चालतात, पुढच्या आठवड्यात घरी आणायचंय आणि घरात काय काय बदलू, असं तुम्ही विचारलंय. यादी भली मोठी केलीय तुम्ही. त्यातलं बाथरूम आणि संडास तेवढं आत्ता करा. बाकीचं ते घरी आल्यावर, दोन-तीन दिवस त्यांचं चालणं बघून.

असं का म्हणतोय ते सांगतो. आमच्या आईसाठी मी आधाराला धरायची दांडी भिंतीवर अंदाजाने बसवली. वर्षभराने रंगकाम काढलं तेव्हा दिसलं, बाथरूमच्या चौकटीअलीकडे भिंतीवर तळहाताएवढा तेलकट डाग. आई रोज तिथे टेकत होती. माझी दांडी दीड हात पलीकडे, कोरी करकरीत!

तुमच्याकडे अजून एक गोष्ट आहे. वडिलांचा उजवा हातच धरू शकतो. जाताना उजवीकडे असलेली दांडी परत येताना डावीकडे येते, म्हणजे त्यांच्या उपयोगाची राहत नाही. म्हणून जिन्याला आणि बोळाला दोन्ही बाजूंनी आधार हवा. कमोडपाशी मात्र उजवीकडचा पक्का असला की पुष्कळ झालं. सीट जमिनीपासून ४५ ते ४८ सेंमी उंच असेल तर उठताना गुडघ्यांवर जोर कमी येतो.

टॉवेलच्या दांडीवर भरवसा ठेवू नका, ती टॉवेलापुरतीच असते. चोषक रबराने चिकटवायच्या दांड्याही नकोत. कधी सुटतील सांगता येत नाही. दांडी भिंतीत ड्रिल करून, पूर्ण अंगाचा भार पेलेल अशीच बसवा, आणि बसवल्यावर आधी स्वतः लोंबकळून बघा.

रॅम्पची घाई नको. दर १ सेंमी उंचीला १२ सेंमी लांबी लागते, म्हणजे १५ सेंमीच्या एका पायरीसाठी जवळपास १८० सेंमी. तेवढी जागा नाही म्हणून उभा चढ केलात तर तो पायरीपेक्षा घातक. शिवाय काठीवाल्याला बऱ्याचदा कठडा असलेली पायरीच सोपी जाते. फिजिओथेरपिस्टला विचारा.

पायपुसणी आणि सतरंज्या उचला, रात्रीचा दिवा लावा. यावर जास्त काय लिहायचं!

बाथरूमचं दार आत उघडतं का? माणूस आत पडला की दाराला अडून पडतो, मग ते उघडता येत नाही. बिजागरी फिरवून ते बाहेर उघडणारं करून घ्या, आणि आतली कडी बाहेरून काढता येईल अशी बसवा. जमिनीवर किती जागा आहे ते मोजून कळवा, मग खुर्चीवर बसून आंघोळीचं बघू.