डब्लिनला येऊ पाहणाऱ्या खानापूरच्या कुटुंबास

आपण विचारले आहे की डब्लिनमध्ये चांगली नोकरी मिळाली आहे, पत्नी आणि सात वर्षांचा मुलगा सोबत येतील, आईवडील मात्र खानापुरातच राहतील. अशा स्थितीत 2020 सारखे कोरोनाचे वर्ष पुन्हा आले तर कुटुंबाचे काय होईल. व्हिसा, परवाने आणि शुल्क यांची माहिती सरकारी संकेतस्थळांवर व्यवस्थित दिलेली आहे, ती मी येथे लिहीत नाही. आपल्या प्रश्नाचा जो भाग तेथे सापडणार नाही, तो आमच्याच घरात घडलेला आहे आणि त्याबद्दल माझे मन आजही पुरते निवलेले नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आम्ही 2019 मध्ये बेळगावहून येथे आलो. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत सासूबाई आणि मामंजी नातीला पाहायला आले, ते एप्रिलच्या आरंभी परत जायचे होते. मार्चच्या 12 तारखेला येथील शाळा बंद झाल्या, त्याच महिन्यात भारतात उतरणारी आंतरराष्ट्रीय विमाने थांबली, आणि दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात आम्ही पाच जण एकत्र अडकलो. 27 मार्चला घोषणा झाली की व्यायामासाठीही घरापासून दोन किलोमीटरच्या पुढे जायचे नाही, आणि सत्तरीच्या पुढच्या माणसांनी तर घराबाहेरच पडायचे नाही.

आमच्या घरातील पहिला वाद या सत्तरीवरून झाला. मामंजी खानापूर तालुक्यातील मराठी शाळांत आयुष्यभर शिक्षक होते. त्यांच्या दाखल्यावर जन्मतारीख 1 जून 1949 आहे. त्या पिढीतील किती जणांची जन्मतारीख 1 जून आहे, हे आपल्याला सांगायला नको. त्यांचे म्हणणे असे की शाळेत लवकर घालता यावे म्हणून गुरुजींनी ती तारीख लिहिली, प्रत्यक्षात ते 1950 च्या दिवाळीत जन्मले, सबब ते एकोणसत्तर वर्षांचे आहेत आणि आयर्लंड सरकारचा नियम त्यांना लागू होत नाही. हा युक्तिवाद ते रोज सकाळी कोट चढवून, दाराशी उभे राहून, पूर्ण गांभीर्याने मांडत. सासूबाई एवढेच म्हणत, “पेन्शन घेताना एकोणपन्नास, आणि फिरायला जाताना पन्नास होय?” त्यावर कोट उतरे. शेवटी 5 मे रोजी ज्येष्ठांना पाच किलोमीटरच्या आत फिरण्याची मुभा मिळाली, तेव्हा ते टोपी घालून निघाले आणि परत आल्यावर जणू सेवेत पुन्हा रुजू झाल्यासारखे दिसत होते.

त्या वर्षी डब्लिनच्या परिसरात वसंत ऋतू विलक्षण कोरडा आणि उन्हाचा गेला. नोंदींप्रमाणेही तो असामान्य होता. सासूबाईंना येथील नेहमीच्या पावसाची कल्पनाच नव्हती. “ऊन आहे की एवढं, वाया कशाला घालवायचं?” असे म्हणून त्यांनी वाळवण मांडले. दुकानांतून पीठ नाहीसे झाले होते, पण बटाट्याला या देशात तोटा नाही, म्हणून बटाट्याचा कीस आणि बटाटा-साबुदाण्याच्या पापड्या छोट्या गच्चीत जुन्या चादरीवर पसरल्या गेल्या. येथे कावळ्यांपेक्षा सीगल भयंकर. पहिल्याच दुपारी त्यांनी अर्धी चादर मोकळी केली, आणि मग मामंजींना घरबसल्या काम मिळाले: छत्री घेऊन राखण. पलीकडच्या गच्चीत एकट्या राहणाऱ्या आयरिश आजी हे सर्व पाहत असत. त्यांनाही बाहेर पडायची बंदी होती. पुढे पुढे पक्षी येताना दिसला की त्या तिकडून टाळ्या वाजवून मामंजींना सावध करू लागल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी सासूबाई दोरीला पिशवी बांधून तळलेला कीस पाठवीत आणि त्यातून सोडा घालून भाजलेला घरचा पाव परत येई. त्या आजींनी आमच्या त्या महिन्यांना जो आधार दिला, त्याचे मोल करण्याची ताकद माझ्या शब्दांत नाही.

मामंजींच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्या तेव्हा मात्र घरात हसू नव्हते. भारतातील चिठ्ठीवर येथे औषध मिळत नाही. त्या काळात डॉक्टरांना फोनवरून रुग्णाशी बोलून चिठ्ठी थेट औषधाच्या दुकानाला ईमेलने पाठवण्याची सोय झाली होती. जवळच्या डॉक्टरबाईंनी गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो मागवला, शांतपणे सर्व विचारले, संध्याकाळपर्यंत औषध दुकानात तयार ठेवले आणि शुल्क घेतले नाही. आपण आईवडिलांना भेटीसाठी बोलवाल तेव्हा औषधांच्या मूळ घटकांची नावे इंग्रजीत लिहून घ्या आणि मुक्कामापेक्षा अधिक दिवसांचा साठा आणायला सांगा.

आता मुलाच्या शाळेविषयी, कारण माझ्या मनात सर्वाधिक सलणारी गोष्ट तीच आहे. माझी मुलगी बेळगावात मराठी माध्यमात तिसरीत होती. कन्नड आणि इंग्रजी वाचत होती, पाढे तिला तोंडपाठ होते. येथील शाळेने तिची कोणतीही चाचणी न घेता, घरची भाषा इंग्रजी नाही एवढ्या कारणावरून तिला एक इयत्ता खाली बसवले. मी पत्र लिहिले, उत्तर आले नाही. भेट मागितली, तेव्हा घरी इंग्रजी बोलत चला असा सल्ला मिळाला. तीन लिप्या ओळखणाऱ्या मुलीला मागे पडलेली म्हणणे मला तेव्हा अन्यायाचे वाटले आणि आजही वाटते. ती आजही वर्गातील वयाने सर्वात मोठी मुलगी आहे.

शाळा बंद झाल्यावर तिचे शिक्षण मामंजींनी हाती घेतले. 30 मार्चपासून आरटीई या येथील सार्वजनिक वाहिनीवर मुलांसाठी रोज घरची शाळा भरू लागली. मामंजी अंघोळ करून, वही-पेन घेऊन नातीशेजारी बसत आणि दूरदर्शनवरील शिक्षकांचा पाठ संपला की “छान घेतला” किंवा “फळ्याचा उपयोग कमी झाला” असा शेरा देत. त्यात आयरिश भाषेचेही धडे असत. नोकरीत असताना कन्नड शिकलेल्या या माणसाला आणखी एक भाषा म्हणजे संकट वाटले नाही. नात आणि आजोबा एकदमच आयरिश आकडे शिकले आणि सासूबाईंना त्या आकड्यांत पोळ्या मोजून मागू लागले. माझी मुलगी आज आयरिश विषयात पुढे आहे, त्याचे श्रेय मी शाळेला नव्हे, मामंजींना देते.

कागदपत्रांबाबत एक गोष्ट मनापासून सांगते. 1 नोव्हेंबर 2014 पासून शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले. मुलीच्या जन्मदाखल्यावर जुने नाव आणि पुढच्या कागदांवर नवे, त्यामुळे येथील एका खिडकीवर आम्हाला ही दोन शहरे एकच आहेत याचा पुरावा मागितला गेला. शाळेचा दाखला कन्नडमध्ये होता, त्याचे भाषांतर येथे फार महाग पडले. मुलाचा जन्मदाखला, लग्नाचा दाखला आणि शाळेचा दाखला तिकडेच इंग्रजीत मिळवून, बेंगळुरूहून प्रमाणित करून, आईचे आणि वडिलांचे नाव सर्वत्र एकाच पद्धतीने लिहिले आहे ना हे पाहूनच विमानात बसा.

एकटेपणाबद्दल मी थोडेच लिहीन. डिसेंबरात दुपारी चार वाजून गेले की अंधार पडतो, पहिला हिवाळा जड जातो, दुसरा कमी जातो. त्याला भिऊन येण्याचे टाळू नका.

सासूबाई आणि मामंजी जूनमध्ये, परदेशी अडकलेल्या भारतीयांना परत नेणाऱ्या वंदे भारत मोहिमेतील विमानाने परतले, बेंगळुरूत सक्तीच्या विलगीकरणात राहिले आणि मग मोटारीने बेळगावला पोहोचले. तेथील शहापूर भागातल्या आमच्या घराशेजारी एक कन्नडभाषक अक्का राहतात. घर बंद असताना त्यांनी आमच्या तुळशीला पाणी घातले, नळाला पाणी येई त्या दिवशी टाकी भरून ठेवली, विजेचे बिल त्यांच्या मुलाने भरले, आणि आमच्या अंगणातील आंब्याच्या कैऱ्या वाया जाऊ नयेत म्हणून लोणचे घालून बरणी ठेवली. सीमाभागात भाषेवरून काय काय बोलले जाते ते आपण जाणता. आमच्या घराने मात्र त्या वर्षी जे पाहिले ते हे आहे, आणि मी ते सर्वांना सांगते.

आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर कदाचित पुढच्या घटनेत आहे. जूनच्या अखेरीस चंदगडला माझी मावशी वारली. माझी आई बेळगावातल्या अनगोळात राहते; बाची ओलांडून शिनोळी लागली की महाराष्ट्र, एरवी तासाभराची वाट. पण महाराष्ट्रात जाऊन परतणाऱ्याला कर्नाटकात सात दिवस संस्थेत विलगीकरण होते, तिला स्वतःला दमा आहे, आणि ती गेली नाही. आम्ही दोघींनी एकाच फोनवर, ती अनगोळातून आणि मी डब्लिनमधून, मावशीचे अंत्यदर्शन घेतले. मी बेळगावात असते तरी मला जाता आले नसते, हे मला पूर्ण कळते. तरीही आईने फोन ठेवल्यावर तिच्याजवळ बसायला मी तेथे नव्हते, आणि या गोष्टीला मला आजवर उत्तर सापडलेले नाही. परदेशी यावे की नाही हे मी आपल्याला म्हणूनच सांगू शकत नाही. एवढे सांगू शकते की निघण्यापूर्वी आईवडिलांच्या शेजाऱ्यांकडे स्वतः जाऊन बसा, त्यांचे नंबर घ्या, घराची एक किल्ली त्यांच्याकडे द्या. आणि येथे आलात की पहिल्याच आठवड्यात शेजारचे दार वाजवा.

सासूबाईंना पुन्हा यायचे आहे, मामंजी तयार होत नाहीत. मुलाच्या इयत्तेबाबत खानापूरच्या शाळेतून अभ्यासक्रमाचा तपशील आणि गुणपत्रके इंग्रजीत मुख्याध्यापकांच्या सहीने घेऊन या, आणि चाचणी घेतल्याशिवाय इयत्ता ठरवू नये असे प्रवेशाच्या अर्जासोबतच लेखी द्या. मी लिहिलेल्या पत्राची प्रत माझ्याजवळ आहे, हवी असल्यास कळवा, लगेच पाठवते.