पायथनमधून निओफोरजे (Neo4j) या ग्राफ डेटाबेसला जोडताना प्रत्येक विनंतीसाठी नवा ड्रायव्हर (डेटाबेसशी संवाद साधणारा प्रोग्रॅममधील घटक) तयार करावा का?
नाही. ड्रायव्हर संपूर्ण अ‍ॅप्लिकेशनसाठी एकदाच तयार करावा, कारण सर्व्हरशी उघडलेल्या कनेक्शनांचा पूल (पुन्हा वापरण्याजोगा संच) तोच सांभाळतो आणि तो अनेक थ्रेडमधून (एकाच वेळी चालणाऱ्या कामांतून) निर्धोकपणे वापरता येतो. सेशन, म्हणजे ड्रायव्हरमधून क्वेरी चालवण्यासाठी उघडलेले सत्र, मात्र तसे वापरता येत नसल्याने कामापुरते उघडून लगेच बंद करावे. कनेक्शन नाकारले जात असेल, तर आधी पत्त्यातील पोर्ट क्रमांक पाहावा: निओफोरजेचे ब्राउझरमधील पान ७४७४ वर उघडत असले, तरी ड्रायव्हर बोल्ट हा निओफोरजेचा संवादाचा प्रोटोकॉल वापरतो आणि त्याचा मूळ पोर्ट क्रमांक ७६८७ आहे. सायफर या निओफोरजेच्या क्वेरी भाषेतील क्वेरीत वापरकर्त्याने दिलेली मूल्ये मजकुरात जोडून घालणे मात्र कटाक्षाने टाळावे. ती पॅरामीटर म्हणून पाठवल्यास इंजेक्शनचा (दिलेल्या मूल्यातून क्वेरीत घातक आज्ञा घुसवण्याचा) धोका टळतो आणि सर्व्हरला क्वेरीचा आधीच आखलेला प्लॅन पुन्हा वापरता येतो.