पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली

पोरी, अनेक आशीर्वाद.

सहा महिन्यांत तुझं बी पेरायचं एकच टोकणयंत्र खपलं, आता गाव सोडून पुण्याला जाऊ का, असं विचारतेस. जायचं तर जा, पण आधी कारखानदार लक्ष्मणराव किर्लोस्करांचं थोडं ऐक.

बेळगावात सायकलींच्या दुकानापासून त्यांनी सुरुवात केली. पुढे चारा कापायची कडबाकुट्टी यंत्रं आणि लोखंडी नांगर करू लागले. नांगर विकायला गेले तर शेतकरी म्हणत, लोखंड जमिनीत विष कालवतं. पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली! त्या शेतकऱ्यांना अडाणी म्हणू नकोस. ज्याची वर्षाची भाकरी एका पेरणीवर अवलंबून, तो नव्या अवजाराकडे संशयानं बघणारच. माझं पहिलं मळणीयंत्र तीन वर्षं पडून होतं. त्यातली दोन मी लोकांना नावं ठेवण्यात घालवली. कुणाच्या खळ्यावर नेऊन ते एकदाही चालवून दाखवलं नाही.

बेळगावातली जागा सोडायची वेळ आली, तेव्हा औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचं माळरान दिलं, वर १०,००० रुपये कर्जाऊ दिले. साल १९१०. ३२ एकरांत निवडुंग आणि नाग, दुसरं काही नाही. २५ कामगार बायकापोरांसह तिथं उतरले. मला लक्ष्मणराव खरे मोठे वाटतात ते इथं. त्यांनी नुसता कारखाना उभारला नाही, किर्लोस्करवाडी वसवली. वस्तीची आखणी आणि कारभार बंधू रामुअण्णांनी पाहिला. शिवाशिव पाळायची नाही, हा तिथला नियम. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तिथं कल्पक इंजिनिअर झाले. आणि रात्रीची राखण कुणाकडे? शिक्षा भोगून आलेल्या माणसांकडे! त्या काळी गावात असं करायला केवढी छाती लागली असेल. नांगरापेक्षा मला हे धाडस थोर वाटतं.

तुझ्या वर्कशॉपमध्ये दहावी नापास झालेली दोन पोरं झाडलोट करतात ना, त्यांना लेथवर उभं कर. पहिले महिनाभर माल बिघडेल, तो खर्च धरून चाल.

रविवारी ये. येताना टोकणयंत्र ट्रॉलीत घालून आण. आमच्या खालच्या रानात वाफसा आलाय, पेरणीजोगी ओल आहे, शेजारच्या चार जणांना बोलावून ठेवतो. यंत्र त्यांच्याच हातात दे, तू बांधावर उभी राहा.