मुख्याध्यापकांच्या निर्णयांमुळे शिक्षकांच्या शिकवण्यात खरंच फरक पडतो का?

पडतो. पण तो मोठमोठ्या घोषणांनी नाही, जूनमधल्या दोन कागदांनी: वर्गवाटप आणि वेळापत्रक. मी अनुदानित माध्यमिक शाळेत गणित शिकवतो, तिथून जे दिसतं ते सांगतो.

दहावी सेवाज्येष्ठतेने द्यायची आणि पाचवी नव्या माणसाच्या माथी मारायची, ही बऱ्याच शाळांची रीत. पाचवीत कच्चा राहिलेला भागाकार नववीच्या बीजगणितात डोकं वर काढतो, आणि बोलणी खातात दहावीचे सर. पाया घालणारा कसलेला शिक्षक पाचवीला द्यायची हिंमत फार थोडे मुख्याध्यापक दाखवतात. पाचवीच्या निकालाचा फ्लेक्स लागत नाही ना!

याहून वाईट म्हणजे कामसू माणसाला होणारी शिक्षा. ज्याला कॉम्प्युटर येतो त्याच्या गळ्यात यूडायस (शाळेची माहिती सरकारला ऑनलाइन भरून द्यायचं काम), शिष्यवृत्तीचे अर्ज आणि असतील नसतील ती पोर्टलं. एखाद्या मॅडमनी एकदा छान सूत्रसंचालन केलं की गॅदरिंगपासून निरोप समारंभापर्यंत सगळं त्यांच्याकडे. दुसऱ्या वर्षी स्टाफरूममध्ये कोणालाच काही येत नसतं. नव्या शिक्षकाला जुन्यांचा पहिला सल्लाच असतो, "एक्सेल येतं म्हणून सांगू नका."

शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अशैक्षणिक कामाला जुंपता येत नाही. शाळेच्या आतली ही कारकुनी मात्र त्यातून सहज निसटते. याच कायद्याने आठवीपर्यंतच्या शिक्षकासाठी आठवड्याचे किमान ४५ तास धरलेत, तेही तयारीचा वेळ मोजून. म्हणजे ऑफ तास, ज्यात शिक्षकाला वर्ग नसतो, ही चैन नव्हे. गैरहजर शिक्षकाच्या वर्गावर रोज तोच 'नाही' न म्हणणारा माणूस जात असेल, तर त्याचं पाठाचं टाचण वहीतच राहतं.

लॉगबुकचंही, म्हणजे मुख्याध्यापक तास पाहून शेरा लिहितात त्या वहीचंही, तेच. दहा मिनिटं मागे उभं राहून 'फलकलेखन सुधारावे' असा शेरा मारल्याने कोणाचं फलकलेखन सुधारल्याचं मी पाहिलेलं नाही. आमच्या आधीच्या मुख्याध्यापिका बाई पूर्ण तासिका बसायच्या, मधल्या सुट्टीत त्यावर बोलायच्या आणि शेरा त्यानंतर लिहायच्या. पोर्टलची कामं त्या दरवर्षी फिरवायच्या, ज्याच्याकडे काम त्याचे तास कमी करायच्या, आणि ही सगळी वाटणी जूनच्या सभेत सगळ्यांसमोर वाचून दाखवायच्या. कुरकुर तेव्हाही व्हायची, पण तोंडावर व्हायची. तुम्ही स्वतः शिक्षक असाल तर निदान ही यादी सभेत वाचायची मागणी करा; तिला खर्च नाही आणि कोणाची परवानगीही लागत नाही.