आरपीजी, म्हणजे एखादं पात्र होऊन खेळायच्या गेममध्ये ठरलेली भूमिका बरी, की हवं तसं पात्र घडवणं?

राजारामपुरीतल्या तुमच्या ग्रुपमध्ये यावरून वाद आहे म्हणतोस, तर माझं मत ठाम आहे भावा: कथेसाठी खेळणार असशील तर ठरलेली भूमिका.

१९९१ चा 'फायनल फँटसी ४' घे. आपल्याकडे तालमीत वस्ताद पोराचा बांधा बघून डाव शिकवतो, तसं तिथं कथाच प्रत्येकाला काम देते. रोझा जखमा भरते, सेसिल तलवार चालवतो. हा सेसिल डार्क नाइटपणा (काळ्या शक्तीनं लढणं) सोडून पॅलाडिन, म्हणजे पवित्र योद्धा होतो तेव्हा त्याची लेव्हल पुन्हा एकवर येते! त्याचा पश्चात्ताप नुसता संवादात राहत नाही, लढताना आपल्याला जाणवतो. सगळ्यांना सगळं शिकता आलं असतं तर ही जादू झालीच नसती.

पुढच्याच वर्षी आलेल्या 'फायनल फँटसी ५' मध्ये जॉब, म्हणजे पात्राचं लढाईतलं काम, बदलता येतात, एका जॉबची कला दुसऱ्यात नेता येते. डोकं लढवायला भारी, पण पात्रं एकमेकांसारखी होऊ लागतात. 'स्कायरिम'मध्ये तर क्लास, म्हणजे पात्राचा ठरलेला प्रकारच नाही, जे वापरशील ते वाढतं.

दोन्ही हवं असेल तर 'बाल्डर्स गेट ३' खेळ. क्लास निवडावा लागतो, पण गेममधल्या विदर्स नावाच्या पात्राला शंभर सोन्याची नाणी दिली की बदलता येतो.